जिवाला घोर, घराला काळजी

मृग लागला की जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात बोलण्याचा विषय एकच उरतो, तो म्हणजे आभाळ. या भागातली शेती बरीचशी कोरडवाहू. कापूस, मका, सोयाबीन, थोडीफार मिरची. पेरणी झाली आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की दुबार पेरणीचं संकट दारात उभं. बियाण्याच्या पिशव्या उधारीवर आणलेल्या, सोसायटीचं कर्ज थकलेलं, बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला. अशा घरात रात्री तीनच्या सुमाराला कुणीतरी एकटं जागं असतं. बहुतेक वेळा घरातली बाई. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हातापायांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. सकाळी उठून ती चूल पेटवते, भाकरी थापते, खुरपणीला जाते. आठवड्याने दवाखान्यात जाते आणि सांगते, 'लई अशक्तपणा आलाय.' सलाईन लागतं. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या रात्री तीन वाजता पुन्हा डोळा उघडतो.

तिला आजार झालाय, की तिची परिस्थितीच तशी आहे? दोन्ही खरं असू शकतं. आणि नेमकं हेच नीट समजून न घेतल्यामुळे तिच्यासारख्या लाखो माणसांची वर्षं वाया जातात.

मराठीत या विषयाचं मर्म एका शब्दात दडलेलं आहे. 'काळजी करू नकोस' म्हणणारा माणूस निरोप घेताना 'काळजी घे' असंही म्हणतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. शब्द तोच, क्रियापद बदललं की अर्थ दुसऱ्या टोकाला जातो. पहिल्यात माणूस आतल्या आत पोखरला जातो, दुसऱ्यात कुणीतरी सांभाळलं जातं. घराघरांतल्या चिंतेचा आढावा घ्यायचा तर या दोन क्रियापदांमधल्या अंतराचाच घ्यावा लागतो.

पायाजवळची सळसळ

बांधावरून चालताना पायाजवळ गवतात काही सळसळलं, तर विचार करायच्या आत माणूस मागे उडी मारतो. मेंदूतला बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग, अमिग्डाला, धोक्याचा इशारा देतो. अॅड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय जोरात धावू लागतं, श्वास उथळ आणि जलद होतो, रक्त स्नायूंकडे वळतं, पोटातलं पचनाचं काम थांबतं. झुंजायचं किंवा पळायचं, यासाठीची ही शरीराची तयारी. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास तिचं वर्णन केलं. खाली पाहिलं आणि तो साप नसून ठिबकची नळी निघाली, तर थोड्याच वेळात सगळं निवतं. ही यंत्रणा नसती तर माणसाची जात टिकली नसती.

चिंतेत साप गवतात नसतो, उद्याच्या दिवसात असतो. मुलीच्या लग्नात, मुलाच्या निकालात, बँकेच्या नोटिशीत, नवऱ्याच्या उशिरा येण्यात असतो. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. ते तसंच पळायला तयार होतं, पण हप्त्यापासून पळून जायचं कुठे? निकालाशी झुंजायचं कसं? तयारी वापरलीच जात नाही आणि ती उतरतही नाही. मग पोटात गोळा येतो, मान आणि खांदे आखडतात, डोकं जड होतं, भूक मरते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांना अमिग्डाला ठाऊक नव्हता. पण वैऱ्यालाही सुचणार नाहीत अशा संकटांची रांग मन कशी लावतं, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

साधी काळजी आणि चिंतेचा विकार यांच्यात रेघ कुठे ओढायची? मनोविकारतज्ज्ञ तीन गोष्टी पाहतात. पहिली, मुदत. सर्वसाधारण चिंताविकाराचं निदान करताना सहा महिने बहुतेक दिवस चिंता सुरू आहे का, हे विचारलं जातं. दुसरी, लगाम. थांबवायची म्हटली तर ती थांबते का? तिसरी, अडथळा. झोप, काम, नाती, खाणंपिणं यांत ती आडवी येते का? यासाठी सात प्रश्नांची एक सोपी चाचणी २००६ पासून जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी आवरता आली का, चिडचिड झाली का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. बेरीज दहा किंवा जास्त झाली की डॉक्टरांशी बोलायला हवं. ही चाचणी निदान करत नाही, दार ठोठावायची वेळ झाली आहे एवढंच सांगते.

चिंतेचं एक रूप फार भेदरवणारं असतं. काही कारण नसताना अचानक छातीत कळ, दरदरून घाम, श्वास कोंडणं आणि 'आता मी मरतो' ही खात्री. हा तीव्र भीतीचा झटका काही मिनिटांत शिखराला पोचतो आणि हळूहळू ओसरतो. घरच्यांना तो हृदयविकाराचा झटकाच वाटतो. म्हणून पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करून घेणं आवश्यकच आहे. थायरॉइड वाढलं असेल, रक्त कमी असेल, साखर उतरली असेल तरी धडधड होते, तेही तपासावं. पण इसीजी दोनदा, तीनदा स्वच्छ आल्यावरही झटके येत राहिले आणि 'तुम्हाला काही झालेलं नाही' एवढं सांगून घरी पाठवलं, तर त्या माणसावर अन्याय होतो. त्याला झालेलं असतं. फक्त ते हृदयात झालेलं नसतं.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता. मानसिक आजारांमध्ये ही संख्या सर्वांत मोठी. त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त, आणि उपचार मिळतात ते जेमतेम चारांतल्या एकाला. भारतापुरतं बोलायचं तर 'लॅन्सेट सायकिअॅट्री'तल्या अभ्यासाने २०१७ सालासाठी दिलेला अंदाज असा: सुमारे १९ कोटी ७० लाख लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार, म्हणजे दर सात माणसांत एक. त्यात नैराश्याचे सुमारे ४ कोटी ५७ लाख आणि चिंताविकाराचे सुमारे ४ कोटी ४९ लाख.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्या शंभरांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे हसनाबादच्या त्या रात्री तीनच्या जागरणाची मोजदाद त्या मोठ्या पाहणीतही झालेली नाही. देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा भरत नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास आहे. जे आहेत, तेही मुख्यतः शहरांत.

चिंता ओळखू येत नाही याचं आणखी एक कारण आहे. ती चिंता म्हणून दवाखान्यात येतच नाही. ती कंबरदुखी होऊन येते, चक्कर होऊन येते, 'अंगावरून पांढरं जातंय' या तक्रारीतून येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट असल्याचं त्यांना आढळलं. शरीराबद्दल बोलायची मुभा आहे, मनाबद्दल नाही. मग मन शरीराच्या तोंडून बोलतं. अशा बाईला गोळ्या मिळतात, टॉनिक मिळतं, सलाईन मिळतं. 'घरी कसं चाललंय?' हा प्रश्न तेवढा मिळत नाही.

पुरुषांची चिंता वेगळ्या वेशात फिरते. चिडचिड, ताटावरून उठून जाणं, पोरांवर हात उगारणं, पारावर बसून राहणं, तंबाखूचं वाढलेलं मळणं, संध्याकाळची दारू. दारूने दोन घटका सैल वाटतं, पण ती उतरली की चिंता आधीपेक्षा चढी होऊन परत येते आणि झोपेची घडीही मोडते. बाईला घाबरट ठरवलं जातं आणि पुरुषाला तापट. दोघांनाही खरं नाव कुणी देत नाही.

घर खतपाणी कसं घालतं

चिंता एकाच्या मनात उगवते, पण ती वाढते घरात, आणि बहुतेकदा प्रेमाच्या पाण्यावर वाढते.

शाळेत जायच्या वेळी पोट दुखणारं लेकरू घ्या. पोट खरंच दुखतं, ते नाटक करत नाही. आई म्हणते, 'राहू दे आज.' दहा वाजेपर्यंत पोट थांबतं. मुलाचा मेंदू त्यातून एकच धडा घेतो: शाळा धोक्याची होती, घरी राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं. किंवा कामावरून यायला नवऱ्याला उशीर झाला की सहा फोन करणारी बायको घ्या. फोन उचलला की हायसं वाटतं, पण ते हायसं वाटणं पाच मिनिटं टिकतं आणि दुसऱ्या दिवशी सहाचे आठ फोन होतात. 'मला काही होणार नाही ना?' असं वडील रोज विचारतात, मुलगा रोज 'नाही हो' म्हणतो. टाळणं आणि पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं, ही चिंतेची दोन आवडती खाद्यं. घरचे लोक मायेपोटी ती दोन्ही वाढत राहतात.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी यावरच उपचारपद्धती बेतली. त्यांनी चिंताग्रस्त मुलांना बाजूला ठेवून फक्त पालकांना शिकवलं. मुलाची भीती नाकारायची नाही, तिच्यापुढे मानही तुकवायची नाही. 'तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे पेलशील याची मला खात्री आहे,' ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची, आणि टाळण्याला मदत करणं हळूहळू कमी करायचं. १२४ मुलांच्या त्यांच्या अभ्यासात, मुलावर थेट केलेल्या मानसोपचाराइतकाच गुण या पद्धतीने आला. म्हणजे मूल एकदाही उपचारकापुढे न बसता, आईवडिलांचं वागणं बदलल्याने सुधारलं.

आपल्याकडे याच्या उलट दुसरी चूकही होते. 'टेन्शन घेऊ नको', 'मन घट्ट कर', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं', 'नाटकं बंद कर'. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपली भीती तर खोटी आहेच, वर आपण कमकुवतही आहोत. मग तो सांगणंच थांबवतो. एका टोकाला सगळा रस्ता झाडून देणारी माया, दुसऱ्या टोकाला झिडकारणारा धीर. काळजी घेण्याची वाट या दोहोंच्या मधून जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या दिवसांत, हे घरोघर दिसतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, सगळं घर दबक्या पावलांनी चालतं. मुलाला त्यातून कळतं की हे काहीतरी जीवनमरणाचं आहे. त्यापेक्षा रोजचं जेवण एकत्र होणं, झोपेची वेळ पाळणं आणि 'पेपर कसा गेला?' या प्रश्नाआधी 'जेवलास का?' हा प्रश्न येणं, याने त्याला जास्त आधार मिळतो.

मेडिकल, देवस्थान, दवाखाना

चिंता असह्य झाली की माणूस तीन दारं ठोठावतो. पहिलं दार गावातल्या मेडिकलचं. 'झोपेची गोळी द्या' म्हटलं की पूर्वी सहज मिळायची. अल्प्राझोलाम आणि तत्सम गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणूनच त्या फसव्या असतात. काही आठवड्यांत सवय लागते, मात्रा वाढते, आणि एकदम बंद केल्या तर चिंता दुपटीने उसळते. २०१४ पासून या गोळ्यांसाठी कडक नियम लागू आहेत: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद. तरी शेजारणीच्या पट्टीतली गोळी उसनी घेण्याची रीत सुटलेली नाही.

दुसरं दार श्रद्धेचं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते आणि सर्व जातिधर्मांची कुटुंबं मन बिघडलेल्या आपल्या माणसाला घेऊन येतात. अजिंठ्याच्या डोंगररांगांतलं महानुभावांचं जाळीचा देव हेही तसंच स्थान. या कुटुंबांना अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. दवाखान्याने ज्यांना पाच मिनिटंही दिली नाहीत, त्यांना तिथे दिवसचे दिवस बसायला जागा मिळते, सोबत मिळते, 'तुझं काही चुकलेलं नाही' असं ऐकायला मिळतं. धोका दुसरीकडे आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा डांबणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. दोन्ही वाटा जोडण्याचा प्रयत्न गुजरातेत झाला. तिथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला, मुजावर आणि डॉक्टर एकत्र काम करू लागले. दुआ सुरू ठेवून माणूस औषधही घेऊ लागला.

तिसरं दार डॉक्टरांचं, आणि तिथे आज खरोखर चांगले उपाय आहेत. नव्या पिढीची चिंताशामक औषधं सवय लावत नाहीत, पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे रुग्ण पुष्कळ. बरं वाटू लागल्यावर ती मनाने बंद करायची नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. दुसरा भक्कम उपाय विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचारपद्धती. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी तिची एक शाखा उभी केली. घटना माणसाला जेवढं छळते, त्याहून त्या घटनेबद्दलचा त्याचा आग्रह छळतो, हे त्यांचं सूत्र. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ते रुजवलं, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ते सोप्या मराठीत घरोघर नेलं. 'पाऊस पडलाच पाहिजे' आणि 'पाऊस पडावा असं मला फार वाटतं' ही दोन वाक्यं सारखी दिसतात. पहिलं खोटं ठरलं की माणूस कोसळतो, दुसरं खोटं ठरलं की दुःखी होतो, पण उभा राहतो.

जालना जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांनी २०५ श्लोक थेट मनाला हाक मारून लिहिले. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायचं, म्हणजे 'मी' आणि 'माझ्या मनात आलेला विचार' यांत अंतर पडतं. आजचा उपचारकही रुग्णाला हेच अंतर पाडायला शिकवतो.

गावातली माणसं, गावातले उपचारक

मनोविकारतज्ज्ञ गावोगावी पोचणार नाहीत, हे उघड आहे. मग काय? याचं उत्तर मराठी मुलखात आणि शेजारच्या गोव्यातच शोधलं गेलं आहे. 'संगथ' या संस्थेने गोव्यातल्या २४ दवाखान्यांत एक मोठी चाचणी घेतली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन दवाखान्यात बसवलं. नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले, तर अशी सोय नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२.५ टक्के. त्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर बोलत गेल्या, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि त्यांच्या पाठीशी डॉक्टर. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' उपक्रमाची सुरुवात नाशिक जिल्ह्यात केली. त्यात गावातलीच विश्वासाची माणसं निवडून त्यांना ऐकून घेण्याचं शिक्षण दिलं गेलं. तिन्ही ठिकाणचा अनुभव एकच सांगतो: आपल्या बोलीत बोलणारं, घर ओळखणारं माणूस समोर आलं की मनाची कुलपं उघडतात.

सरकारनेही पावलं टाकली आहेत. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आशा सेविकांनी घरोघर जाऊन तणावातली माणसं शोधायची आणि जिल्हा रुग्णालयाशी त्यांची गाठ घालून द्यायची, अशी ही योजना. मनोरुग्णालयं राज्यात आजवर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी. मराठवाड्यात एकही नाही. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली. ते हवंच आहे. पण चिंताविकाराच्या बहुतेक रुग्णांना खाट लागत नाही. त्यांना महिन्यातून दोनदा अर्धा तास ऐकणारं माणूस लागतं, भोकरदनच्या पलीकडे जावं न लागता.

मनाबाहेरची अर्धी गोष्ट

एवढं सांगून थांबलं तर शेतकरी कुटुंबावर अन्याय होईल. कारण त्यांच्या चिंतेतला मोठा भाग खरा आहे.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव मिळाला. तो पुन्हा मिळेल म्हणून पुढच्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक घरांनी कापूस विकलाच नाही. भाव सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळला. राहत्या खोलीत छतापर्यंत कापूस, उरलेल्या कोपऱ्यात अंथरूण, कापसातल्या किड्यांनी अंगाला सुटलेली खाज, आणि रोज संध्याकाळी मोबाइलवर भाव बघणं. त्या खोलीत झोपणाऱ्याला 'सकारात्मक विचार करा' असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

टंचाई डोक्यावर काय परिणाम करते, याचा एक नावाजलेला अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना तोडणीआधी, हात आखडलेले असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, सारखीच बौद्धिक कोडी घातली. तीच माणसं पैशाच्या तंगीत लक्षणीयरीत्या कमी पडली. तंगीने त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती, ती हिशेबाच्या ओझ्याखाली अडकून पडली होती. मराठवाड्यात २०२३ या एका वर्षात १,०८८ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यात जालना जिल्ह्यातल्या ७४. प्रत्येक मृत्यूमागे कारणांचा गुंता असतो, एकच कारण दाखवता येत नाही. पण वेळेवर मिळालेली पीकविम्याची भरपाई आणि वेळेवर मिळालेलं समुपदेशन ही एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्ही लागतात. मानसिक आरोग्याच्या नावाखाली भावाचा आणि पाण्याचा प्रश्न झाकला जाऊ नये. आणि भावाचा प्रश्न सुटेपर्यंत माणसाने रात्र रात्र एकट्याने जागावं, हेही चालणार नाही.

आजपासून घरात

काही गोष्टी कोणत्याही घराला जमण्यासारख्या आहेत, आणि त्यांमागे अभ्यासाचा आधार आहे. धडधड सुरू झाली की श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त ठेवायचा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. शरीराचा धोक्याचा भोंगा याने शांत होतो. चिंता दिवसभर मनात घोळवण्याऐवजी तिला वेळ नेमून द्यायची. संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसायचं, जे जे वाटतं ते लिहायचं, आज करता येण्याजोगं आणि हातात नसलेलं असे दोन रकाने करायचे. टॉम बोर्कोवेक या संशोधकाने १९८३ मध्येच हा उपाय तपासून मांडला होता. २०२० मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात चिंताविकाराच्या २९ रुग्णांनी आपल्या चिंता लिहून ठेवल्या आणि महिनाभर पडताळल्या. त्यांतल्या ९१ टक्क्यांहून अधिक खऱ्या ठरल्याच नाहीत. लिहिल्याशिवाय हे कळत नाही, कारण खोटी ठरलेली भीती मन विसरतं आणि नवी उगवते.

झोपेआधी मोबाइल बाजूला, दुपारनंतर चहा कमी, तंबाखू आणि दारू कमी, रोज थोडं चालणं. शेतातले कष्ट करणाऱ्याला व्यायाम सांगणं विचित्र वाटेल, पण कुणाच्या तरी सोबत, कामाशिवाय, गप्पा मारत चालणं ही वेगळी गोष्ट आहे. भजनी मंडळ, हरिपाठ, बचत गटाची बैठक, पारावरचा कट्टा हे सगळे आधारच आहेत. चिंतेने माणूस आधी तिथूनच गळतो, म्हणून 'बऱ्याच दिवसांत आला नाहीस' असं म्हणत त्याच्या दारी जाणारा एक माणूस हवा.

आणि घरातलं कुणी 'जीव घाबरा होतो' म्हणालं तर आधी ऐकून घ्यावं. लगेच उपाय सांगू नये. 'कधीपासून?', 'रात्री झोप लागते का?', 'माझ्यासोबत दवाखान्यात येशील का?' एवढे प्रश्न पुरतात. कुणी जगण्यात अर्थ उरला नाही असं बोललं, तर ते धमकी म्हणून सोडून देऊ नये. स्पष्ट विचारावं, एकटं ठेवू नये, फवारणीची औषधं घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

त्यासाठी एक साधी विनंती. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. हसनाबादसारख्या प्रत्येक गावात तो शाळेच्या फळ्यावर, किराणा दुकानाच्या भिंतीवर, बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला असावा. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येतं. ही सेवा चोवीस तास असते, रात्री तीन वाजताही.